त्याच्या कागदांवर माणसांची नावं असत

मिरज
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर तू म्हणालास, "आई, आता बँडमध्ये माणसं नकोत. लॅपटॉपमध्ये सगळी वाद्यं आहेत. ती वेळेवर येतात, सुरात वाजतात आणि रुसून निघून जात नाहीत." मला लगेच उत्तर सुचलं नाही. तीन दिवस तेच डोक्यात घोळतंय. फोनवर माझा गळा भरून येतो आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले आहे. सावकाश वाच. एका बैठकीत झालं नाही तरी चालेल.

बाबांनी मुंबईहून, चोरबाजारातून आणलेली ड्यूक एलिंग्टनची, त्या अमेरिकन जाझ-पियानोवाल्या बँडप्रमुखाची, तबकडी तुला आठवत असेलच. तिच्यावरच्या यादीत दिल्ली आणि आग्रा ही नावं दिसली एवढ्यावरच त्यांनी ती घेतली होती. जाझ म्हणजे काय हे त्या दिवशी त्यांनाही ठाऊक नव्हतं. तू तेव्हा सहावीत होतास. दिल्लीतल्या साळुंकीची शीळ क्लॅरिनेटवर येते ती जागा तू दिवसभर शिट्टीवर वाजवत हिंडायचास. वर्षभरात तू माझी पेटी सोडून पियानोकडे वळलास. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, ते आज सांगते. पण दुपारची भांडी आवरली की मीही ती तबकडी लावायला लागले, हे तुला माहीत नाही.

गेल्या दिवाळीत तू एलिंग्टनचं आत्मचरित्र इथे ठेवून गेलास. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते चार महिने वाचलं, आणि मग त्याच्याविषयी आणखी मिळेल ते वाचत गेले. त्याचे सूर तू मला शिकवलेस. आज मी तुला तो माणूस सांगते, तीस वर्षं गवयांच्या आणि कीर्तनकारांच्या मागे पेटी घेऊन बसलेल्या बाईला तो जसा दिसला तसा.

पहिल्यांदा त्याची आई. साहजिकच मी तिथे थांबले. एडवर्ड केनेडी एलिंग्टन (ड्यूक हे टोपणनाव) २९ एप्रिल १८९९ ला वॉशिंग्टनमध्ये जन्मला. वडील एका डॉक्टरच्या घरी बटलर होते, आई डेझी घरी पियानो वाजवायची. ती वाजवायला लागली की लहानगा एडवर्ड रडायचा, इतकं ते त्याला गोड वाटायचं. ती त्याला सारखं सांगायची, तुझ्यावर देवाची कृपा आहे, तुला कशाची काळजी नाही. काळ्या माणसाला पायरीपायरीवर अडवणाऱ्या देशात ही बाई आपल्या मुलाला रोज हे सांगत होती. त्याने ते खरं मानलं आणि जन्मभर त्याच तोऱ्यात वावरला. मी तुला असं काही सांगितलं का, हे आठवून पाहिलं. मी तुला "रियाज झाला का?" एवढंच विचारत आले.

शिकवायला बाई येत होत्या, पण त्याचं लक्ष बेसबॉलमध्ये. पियानोची खरी ओढ लागली ती पोरसवदा वयात, मोठ्या वादकांना चोरून ऐकताना. त्या काळी कागदाच्या भोकं पाडलेल्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो असत. जेम्स पी. जॉन्सनची एक अवघड चीज त्याने त्या यंत्रावर संथ लावली, आणि ज्या पट्ट्या आपोआप खाली जात त्यांच्यावर बोटं ठेवून ती शिकला. म्हणजे यंत्र त्यालाही होतं बरं. त्याने त्याच्याकडून विद्या घेतली आणि मग माणसांत गेला.

चित्रकलाही हातात होती. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये कला शिकायची शिष्यवृत्ती मिळत होती, ती त्याने सोडली आणि वॉशिंग्टनमध्ये बोर्ड रंगवायचा धंदा काढला. नाचाच्या कार्यक्रमाचा बोर्ड करून घ्यायला कुणी आलं की तो विचारायचा, वाजवायला कोण आहे? आणि कुणी वाजवायला बोलावलं की विचारायचा, बोर्ड कोण रंगवतंय? हे वाचून मला वाटलं, हा पोरगा उपाशी राहणार नाही. आणि रंगाची ती नजर पुढे त्याच्या बँडमध्ये उतरली, ती कशी ते सांगते.

१९२३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. वॉशिंग्टनचे मित्र बरोबर होते, नाचाचं संगीत नीट, शिस्तीत, गोडगोड वाजवणारे. मग तिथे त्याला बबर माइली भेटला. ट्रंपेटच्या तोंडावर मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी कप धरायचा, घशातून गुरगुरायचा, आणि वाद्य माणसासारखं बोलायला लागायचं, रडायचं, धमकवायचं. दुसरा कुणी म्हणाला असता, बाबा, आधी सरळ सूर लाव. एलिंग्टनने तसं केलं नाही. त्याने त्या गुरगुरण्याभोवती अख्खा बँड नव्याने बसवला. पुढे त्याने स्वतःच सांगितलं की माइली आल्यावर गोड संगीत आम्ही कायमचं विसरलो. ट्रॉम्बोनवर तोच सूर ट्रिकी सॅम नॅन्टनने उचलला. माइली बेभरवशाचा होता, १९२९ मध्ये तो बँडमधून गेला आणि १९३२ मध्ये क्षयाने वारला, जेमतेम एकोणतीस वर्षांचा. पण त्याचा आवाज बँडने जपला. त्याच्या जागी आलेल्या कूटी विल्यम्सला कुणी सांगितलं नव्हतं की तू असंच वाजव. नॅन्टनच्या शेजारी बसून ऐकता ऐकता त्याला कळलं की या घरात एक खोली रिकामी आहे आणि ती आपण भरायची आहे.

राजा, गवई बदलला की पेटीवाल्याचा हात बदलतो. एकाला स्वर आधी हवा असतो, दुसऱ्याला अर्धी मात्रा मागून. एकाचा दम लांब, दुसऱ्याला मधे विसावा लागतो आणि तो विसावा श्रोत्यांना कळू न देणं हे आपलं काम. मी हे कुठल्या पुस्तकात शिकले नाही, माणसांच्या पाठीकडे बघत शिकले. एलिंग्टनने हेच पंधरा माणसांचं केलं. त्याच्या हस्तलिखितांवर, वादकाला द्यायच्या कागदावर, "तिसरा ट्रंपेट" किंवा "पहिला सॅक्सोफोन" असं लिहिण्याऐवजी सरळ माणसाचं नाव असायचं. कूटी. ट्रिकी. जॉनी हॉजेसला सगळे रॅबिट म्हणत, तर नुसतं "रॅब". ते कागद आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. हा सूर कोण वाजवणार, त्याचं फुफ्फुस केवढं, त्याचा ओठ कुठल्या पट्टीत थकतो, हे मनात घेऊनच तो टाक उचलायचा. म्हणूनच दुसऱ्या बँडने त्याची चीज कागदावरून जशीच्या तशी वाजवली तरी ती तशी लागायची नाही.

१९३० ची 'मूड इंडिगो' तू मला कितीदा तरी ऐकवलीस. तिच्यात काय केलंय ते मला फार उशिरा कळलं. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट अशी तीन वाद्यं. रीतीप्रमाणे क्लॅरिनेट वर, ट्रंपेट मधे, ट्रॉम्बोन तळाशी. त्याने ती उतरंड उलटी लावली. ट्रंपेट वर, तोंड झाकलेला. त्याला अगदी खेटून ट्रॉम्बोन, तोही झाकलेला आणि आपल्या उंच पट्टीत ताणलेला. क्लॅरिनेट मात्र पार तळघरात, त्याच्या सगळ्यात खालच्या, लाकडी, घोगऱ्या आवाजात. तिघे मिळून वाजवतात तेव्हा चौथाच कुणीतरी गुणगुणतोय असं वाटतं. आपल्या तंबोऱ्याच्या जोडीतून न छेडलेला गंधार ऐकू येतो ना, तसं. तू लहानपणी त्या गंधारासाठी तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसायचास.

कॉटन क्लबचं आणि आगगाडीचं तुला माहीत आहे, पण मला ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ४ डिसेंबर १९२७ ला त्याचा बँड न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या त्या क्लबात बसला. वस्ती काळ्यांची, वाजवणारे काळे, नाचणारे काळे, आणि आत येऊन खुर्चीवर बसायची मुभा फक्त गोऱ्यांना. तिथूनच रेडिओवर कार्यक्रम जायचा आणि एलिंग्टनचं नाव देशभर झालं. पुढे तिसाच्या दशकात दक्षिणेकडच्या राज्यांत दौरा निघाला की तो रेल्वेचे स्वतंत्र पुलमन डबे, म्हणजे झोपायची सोय असलेले डबे, भाड्याने घ्यायचा. तिथल्या हॉटेलांत त्यांना खोली मिळत नव्हती, म्हणून ते आपल्या डब्यातच जेवायचे, झोपायचे. रात्री टाळ्या वाजवणारं गाव सकाळी चहाला दारात उभं करत नव्हतं. माझ्या लहानपणी आमच्याकडे सारंगी वाजवायला येणारे खाँसाहेब ओसरीवर जेवायचे, त्यांची कपबशी कोनाड्यात वेगळी असायची. मी ती कपबशी विसळून ठेवायचे आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुलमनचं वाचलं त्या रात्री ती कपबशी मला दिसत राहिली. एलिंग्टन त्या डब्यांतून उतरायचा तो कडक इस्त्रीचे कपडे घालून, आणि बँडलाही तसंच उतरवायचा. माझी माणसं कुणाच्या ओसरीवर बसणार नाहीत, हे त्याने भाषण न करता सांगितलं.

२७ मे १९३५ ला डेझी गेली. तो पार खचला. गाडी दक्षिणेत धावत होती, आणि खिडकीशी बसून त्याने जे लिहिलं ते तबकडीच्या चार बाजू भरतील एवढं झालं. नाचायचं संगीत तीन मिनिटांत एका बाजूवर मावायचं, तेव्हाची ही गोष्ट. त्याने लिहून ठेवलंय की त्या हस्तलिखिताच्या पानापानावर आसवांचे डाग होते. समीक्षकांनी झोडपलं, लांबलचक आणि निर्जीव म्हणाले. मी परवा ते पुन्हा ऐकलं. निर्जीव नाही रे. एक माणूस घरात या खोलीतून त्या खोलीत जातोय, सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत, तसं आहे ते. बाबा गेले त्या पावसाळ्यात मी तशीच फिरत होते. आणि हे दुःखही त्याने एकट्याने पियानोवर मांडलं नाही. त्याच्या त्या माणसांनी ते उचललं, एकेकाने थोडं थोडं.

आता पैशाचं. तू म्हणालास, सहा माणसांना महिनाभर धरून ठेवणं परवडत नाही. नाहीच परवडत. त्यालाही परवडत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक मोठा बँड बंद पडला. १९५० मध्ये काउंट बेसीसारख्या नामांकित बँडवाल्यालाही मोठा ताफा मोडून काही काळ लहान चमूवर भागवावं लागलं. एलिंग्टनने गाण्यांच्या हक्काचे पैसे बँडच्या पगारात ओतले आणि माणसं वर्षभर नोकरीत ठेवली. कारण एकच, आज सुचलेलं आज रात्रीच ऐकायला मिळावं. श्रीमंत माणसं घोडे पाळतात, याने पंधरा-सोळा वादक पाळले. हा हिशेब शहाणपणाचा होता असं मी म्हणणार नाही. तू कर्ज काढावंस असंही नाही. नोकरी सोडू नकोस, आणि बँडच्या नावाने घराचा हप्ता चुकवू नकोस, हे आई म्हणून सांगतेच.

आणि माणसं त्यालाही सोडून गेली. १९५१ मध्ये जॉनी हॉजेस, लॉरेन्स ब्राउन आणि सनी ग्रीअर एकदमच गेले. ग्रीअर तर वॉशिंग्टनच्या दिवसांपासूनचा ड्रमवाला. हॉजेसचा सॅक्सोफोन म्हणजे त्या बँडचा गळाच. लोक म्हणाले, संपला एलिंग्टन. त्याने दुसऱ्या बँडमधून माणसं आणली, गाडा ओढला. १९५५ च्या उन्हाळ्यात तर तो न्यूयॉर्कच्या फ्लशिंगला एका जलक्रीडेच्या खेळात साथ करत होता. लोक पाण्यात उड्या मारतायत, आणि 'मूड इंडिगो' लिहिणारा माणूस काठावर त्यांच्यासाठी वाजवतोय. त्याच वर्षी हॉजेस परत आला. एलिंग्टनने त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. जुन्या गोष्टी काढून त्याला खाली बघायला लावलं असं मी कुठे वाचलं नाही.

पुढच्या वर्षी न्यूपोर्टचा जाझ महोत्सव. ७ जुलै १९५६. बँड स्टेजवर चढला तेव्हा चार वादक आलेलेच नव्हते. दोन-तीन चिजा वाजवून खाली उतरले, तासन्‌तास थांबले, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला पुन्हा चढले, तेव्हा लोक घरी निघाले होते. मग त्याने १९३७ ची एक जुनी दुहेरी चीज काढली. तिच्या दोन भागांच्या मधे टेनर सॅक्सोफोनला मोकळं रान. वाजवणारा पॉल गोन्साल्विस. व्यसनाने पोखरलेला, कार्यक्रमात डुलक्या घेणारा माणूस. शिस्तीच्या कुठल्याही बँडमधून तो कधीच बाहेर पडला असता. एलिंग्टनने त्याला सांगितलं होतं, वाटेल तितकं वाजव. बारा-बारा तालखंडांची सत्तावीस आवर्तनं वाजवली त्याने. सातव्या-आठव्याच्या सुमाराला एक बाई उठून नाचायला लागली, मग सगळं मैदान उठलं. त्या तबकडीत गर्दीच्या आवाजाखाली एलिंग्टनच्या आरोळ्या ऐकू येतात. गवयाला "वाह, और एक" म्हणणाऱ्या साथीदाराचाच तो आवाज, तो मला कुठेही ओळखू येईल. माझा जन्म १९५६ मध्ये न्यूपोर्टला झाला, असं तो नंतर सांगायचा. सत्तावन्न वर्षांचा होता तेव्हा.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, आई एलिंग्टनची आरती करतेय. तसं नाही. आता जे लिहिणार आहे त्यासाठीच खरं तर कागद घेतला.

त्याच्या बँडमध्ये एक दुखणं मुरलेलं होतं. माणसं वाजवता वाजवता सहज काहीतरी छेडायची, चार सुरांचा एखादा तुकडा. एलिंग्टनचा कान तो टिपायचा, त्याचं गाणं व्हायचं, आणि खाली नाव एलिंग्टनचं. 'मूड इंडिगो'मधल्या चालीचा मोठा भाग क्लॅरिनेटवाल्या बार्नी बिगार्डने आणला होता. त्याचे हक्काचे पैसे त्याच्या हातात पडायला फार वर्षं लागली. हॉजेसच्या तुकड्यावरून झालेलं गाणं वाजायला लागलं की तो स्टेजवरच पियानोकडे वळून नोटा मोजल्याची खूण करायचा. लॉरेन्स ब्राउनने तर तोंडावर सांगितलं की मी तुला रचनाकार मानत नाही, तू गोळा करणारा आहेस. मला एलिंग्टनचं मोठेपण मान्य आहे. चार सुरांचा तुकडा म्हणजे गाणं होत नाही, हेही मला कळतं. पण या बाबतीत तो चुकला. ज्याने माणसांच्या नावाने कागद लिहिले, त्याने तीच नावं तबकडीवर लिहायला हात आखडता घ्यायला नको होता.

राजा, तुझी ती पावसाची धून. तिचा पहिला तुकडा तुझा नाही.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत तुम्ही सगळे इथे होतात. दुपारी सगळे लवंडले होते आणि तुझा तो बास गिटारवाला कोल्हापूरचा मुलगा ओट्यावर बसून एकटाच काहीतरी वाजवत होता. मी मोदकांसाठी नारळ खवत होते. पाच सूर होते, मधला कोमल. तो ते पुन्हा पुन्हा वाजवत होता आणि दर वेळी शेवटचा सूर जरा उशिरा टाकत होता. तू आतून उठून आलास, पियानोवर त्याला उत्तर दिलंस आणि संध्याकाळपर्यंत त्याची धून झाली. ती धून तुझीच आहे. तुझ्याशिवाय ते पाच सूर ओट्यावरच राहिले असते. पण जूनमध्ये ती बाहेर आली तेव्हा खाली तुझं एकट्याचं नाव होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तुला आनंद झाला होता, माझंही भान हरपलं होतं. त्यानंतर महिन्याभरात तो मुलगा गेला. तू मला सांगितलंस की त्याला बंगळुरूला नोकरी लागली. लागली असेल. पण नोकरीवाली माणसं जाताना निरोप घेऊन जातात. तो माझ्या पाया पडायला आला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

बिली स्ट्रेहॉर्नचं तू मला नेहमी सांगतोस. १९३८ च्या डिसेंबरात पिट्सबर्गच्या नाटकगृहात तेवीस वर्षांचा हा पोरगा एलिंग्टनला भेटला. त्याचीच चीज आधी हुबेहूब त्याच्यासारखी वाजवून दाखवली, आणि मग म्हणाला, मी ती अशी वाजवीन. माझ्या तोंडावर माझीच चीज सुधारून दाखवणारा विद्यार्थी मला सहन झाला असता का, मी सांगू शकत नाही. एलिंग्टनने त्याला घराचा पत्ता दिला, हार्लेमला कुठल्या गाडीने यायचं ते सांगितलं. त्या पत्त्याचंच पुढे 'टेक द ए ट्रेन' झालं. ते स्ट्रेहॉर्नने लिहिलेलं, कचऱ्यात टाकलेलं, एलिंग्टनच्या मुलाने, मर्सरने, उचललेलं. १९४१ मध्ये हक्कांच्या भांडणामुळे एलिंग्टनची स्वतःची गाणी रेडिओवर लावता येईनात, तेव्हा याच गाण्याने बँड तारला आणि तेच पुढे त्याची ओळखधून झालं. एलिंग्टनची म्हणून जग जी चीज ओळखतं ती त्याची नव्हेच. तो स्टेजवर स्ट्रेहॉर्नचं नाव घ्यायचा, प्रेमाने घ्यायचा. तरीही कितीतरी रचनांवर ते नाव यायचं राहिलं, आणि त्या अबोल माणसाला ते लागलं होतं.

आपली तबकडीही दोघांची आहे. १९६३ च्या सप्टेंबरात अमेरिकन सरकारने बँडला दौऱ्यावर पाठवलं. दमास्कस, काबूल, दिल्ली, मद्रास, मुंबई, कलकत्ता. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला. साळुंकीची शीळ तिथली, स्ट्रेहॉर्नने कानात साठवून नेलेली. २२ नोव्हेंबरला केनेडींचा खून झाला तेव्हा बँड अंकाराला होता, दौरा तिथेच थांबला. घरी गेल्यावर त्यांनी घाईघाईने सतार-तबला घालून काही केलं नाही. ऐकलेलं मुरू दिलं. ध्वनिमुद्रण १९६६ च्या डिसेंबरात झालं, तीन वर्षांनी. त्यात आपला एकही राग नाही, तरी मला ते परकं वाटत नाही, कारण परक्या घरी आलेला पाहुणा जसा आधी गप्प बसून ऐकतो तसं ते आहे.

पुढचं थोडक्यात. १९६५ मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांनी त्याच्या नावाची शिफारस केली आणि मंडळाने ती नाकारली. दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. तो सहासष्ट वर्षांचा होता, आणि तो म्हणाला, नियतीला मी इतक्या लहान वयात फार प्रसिद्ध व्हायला नको आहे. शेवटची वर्षं तो चर्चमध्ये वाजवण्यासाठी रचना करत होता, आणि तेच आपलं सर्वात महत्त्वाचं काम मानत होता. २४ मे १९७४ ला तो गेला. हॅरी कार्नी हा सॅक्सोफोनवाला १९२७ पासून, सतरा वर्षांचा होता तेव्हापासून त्याच्याबरोबर होता. गावोगाव त्याच्याच गाडीत शेजारी बसून एलिंग्टन विचार करायचा, टिपणं काढायचा. कार्नी त्यानंतर पाच महिनेही जगला नाही. सत्तेचाळीस वर्षं. मी तुझ्या बाबांबरोबर छत्तीस होते.

मे १९६७ मध्ये स्ट्रेहॉर्न कर्करोगाने गेला, एक्कावन्न वर्षांचा. त्याच वर्षी एलिंग्टनने बँड बसवून नुसत्या त्याच्या रचनांची एक तबकडी केली. या वेळी खाली नाव त्याचंच. तिच्यातलं शेवटचं, 'लोटस ब्लॉसम', तू मला कधी ऐकवलं नाहीस. मी ते गेल्या महिन्यात शोधून ऐकलं. काम संपलं होतं, वादक वाद्यं आवरत होते. एलिंग्टन पियानोपाशीच बसून राहिला आणि ते वाजवायला लागला. यंत्र चालू राहिलं होतं. मी वाजवलेलं त्याला हे सगळ्यात आवडायचं, असं त्याने म्हटलंय. इअरफोन लावून ऐक. सुरुवातीला बोलणी ऐकू येतात, वाद्यं खोक्यात ठेवल्याचे, कड्या लावल्याचे आवाज येतात. मग एकेक जण गप्प होत जातो. कुणी कुणाला गप्प राहा म्हटलेलं नाही. पियानो एकटाच उरतो. पण ती माणसं गेलेली नाहीत रे. खोलीत उभी आहेत, हातात बंद खोकी धरून. त्यांचं ऐकणं ऐकू येतं.

तुझ्या लॅपटॉपवर माझा राग नाही. फक्त हे एकदा ऐक, आणि मग मला फोन कर. बँडबद्दल काही ठरवलं नसलंस तरी कर.

घरी सगळं ठीक. पावसाने मागची भिंत ओलावली आहे. पेटीचा एक सूर चिकटतोय, पट्टी काढून पुसली की दोन दिवस चालतो. तुझ्यासाठी मेतकूट करून ठेवलं आहे.

आणि त्याची बास अजून तुझ्या खोलीत आहे, गणपतीत ठेवून गेला होता ती जुनी. त्याने मागितली नाही, तूही काही बोलला नाहीस. ओल लागू नये म्हणून मी तिला माझ्या तंबोऱ्याची गवसणी घालून कपाटाच्या वरच्या फळीवर आडवी ठेवली आहे. बंगळुरूची गाडी मिरजेवरूनच जाते.

तुझी,
आई